चार बोटांचं अंतर आणि 870 किलोमीटरची रेल्वे

वॉर्सॉहून व्हिल्नियसला रेल्वेने निघालात तर लिथुआनियात शिरल्यावर मोत्स्कावा नावाच्या एका लहानशा स्टेशनावर बॅगा उचलून उतरावं लागतं. पोलंडची गाडी तिथे थांबते, पुढे लिथुआनियाची. पासपोर्टची भानगड नाही, दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये, सीमा खुली. अडचण फक्त रुळांची. पोलंडच्या रुळांमध्ये 1435 मिलिमीटर अंतर, लिथुआनियात 1520. फरक 85 मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम चार बोटं. ही चार बोटं मिटवण्यासाठी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया मिळून सध्या एक नवी वेगवान रेल्वे बांधतायत. नाव 'रेल बाल्टिका'. आपल्याकडे बुलेट ट्रेनवर रोज वाद होतात, पण या प्रकल्पाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा उद्योग. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी गेजचं बघू. मिरज-सांगलीकडच्या लोकांना हे समजवायला नको. मिरज जंक्शनला एकेकाळी तिन्ही गेज नांदत होते: पुण्या-कोल्हापूरची ब्रॉडगेज, लोंढ्याकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची बार्शी लाइटची छोटी गाडी. एका रुळावरचा माल दुसऱ्यावर चढवायचा म्हणजे हमाली, वेळ आणि नुकसान. रशियात हा घोळ 1840 च्या दशकात सुरू झाला. पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेसाठी झारने अमेरिकेहून जॉर्ज वॉशिंग्टन व्हिस्लर नावाचा इंजिनिअर बोलावला (चित्रकार व्हिस्लरचे वडील ते हेच). त्याने पाच फुटांची रुंदी सुचवली. 'शत्रूच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून रशियाने मुद्दाम वेगळा गेज ठेवला' ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती पटत नाही. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत पाच फुटी रूळ सर्रास होते, आणि जगभर एकच माप असावं हे तोवर ठरलेलंच नव्हतं. पुढे लष्कराला त्याचा फायदा दिसला हे खरं, पण तो नंतरचा शहाणपणा.

बाल्टिक प्रदेश तेव्हा झारच्या साम्राज्यात, त्यामुळे तिथेही तेच रूळ पडले. आणि मग जो आला त्याने ते हलवले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य पुढे सरकत गेलं तसतसे रूळ आत घेत गेलं. लाकडी स्लीपरवर एक रूळ थोडा आत सरकवून ठोकला की झालं. दोन युद्धांच्या मधल्या स्वतंत्र काळात लिथुआनियाने युरोपचं माप ठेवलं, एस्टोनियाने रशियाचं, आणि लाटव्हियात दोन्ही चालायचे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आत, सोव्हिएत सैन्य आल्यावर पुन्हा बाहेर. एका माणसाच्या हयातीत गावातल्या रुळाने इतक्या वेळा जागा बदलली.

त्या रुळांवरून काय गेलं हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा सगळा तांत्रिक कारभार वाटेल. जून 1941 मध्ये हजारो कुटुंबं रात्रीतून उचलून मालडब्यांत भरली गेली आणि पूर्वेला पाठवली गेली. मार्च 1949 मध्ये पुन्हा तेच, या वेळी अवघ्या काही दिवसांत तिन्ही देशांतून 90,000 हून जास्त माणसं सैबेरियाकडे रवाना झाली. त्यात बहुसंख्य बायका आणि मुलं. तिथल्या कितीतरी घरांत रूळ म्हटलं की हीच दिशा आठवते. 'आम्हाला पश्चिमेला जाणारा रूळ हवा' असं तिथला माणूस म्हणतो तेव्हा तो तासाला किती किलोमीटर याबद्दल बोलत नसतो.

23 ऑगस्ट 1989 ला, हिटलर-स्टालिन कराराला 50 वर्षं झाली त्या दिवशी, टालिन ते रीगा ते व्हिल्नियस अशी सुमारे 600 किलोमीटरची मानवी साखळी झाली. अंदाजे वीस लाख लोक हातात हात घालून रस्त्यावर उभे राहिले. दोन वर्षांत तिन्ही देश स्वतंत्र झाले. पण गंमत बघा, ज्या तीन राजधान्या माणसांनी हात धरून जोडल्या, त्या आगगाडीने धड जोडलेल्या नव्हत्या. सोव्हिएत काळातलं जाळं मॉस्कोकडे जाणारं. रीगा-व्हिल्नियस थेट गाडी तर डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली.

रेल बाल्टिकाची कल्पना 1990 च्या दशकापासून फिरत होती. 2004 मध्ये तिन्ही देश युनियनमध्ये गेले आणि त्याच वर्षी ती युरोपच्या प्राधान्याच्या प्रकल्पांत आली. मार्ग असा: टालिन, पार्नू, रीगा, पानेवेझीस, काउनास आणि पोलंडची हद्द. एकूण 870 किलोमीटर, त्यातले एस्टोनियात 213, लाटव्हियात 265, लिथुआनियात 392. काउनासहून व्हिल्नियसला फाटा. विजेवर चालणारी दुहेरी लाइन, प्रवासी गाड्या ताशी 234 किलोमीटरपर्यंत, मालगाड्या 120 पर्यंत. जुन्या लाइनला तिसरा रूळ टाकून का भागत नाही, असं कुणी विचारेल. ब्रॉडगेज आणि मीटरगेजमध्ये अंतर भरपूर, तिथे तिसरा रूळ मावतो. इथे 85 मिलिमीटरच्या फटीत रूळ बसतच नाही, रुळाचा पाया त्याहून रुंद असतो. चार रूळ टाका नाहीतर नवी लाइन बांधा.

आता तीन सरकारांचा कारभार. 2014 मध्ये रीगाला आरबी रेल नावाची संयुक्त कंपनी झाली, तिघांचा वाटा समान, एक तृतीयांश. ऐकायला छान. पण जमीन, कंत्राटं आणि बांधकामाचा मोठा भाग प्रत्येक देशाच्या आपापल्या यंत्रणेकडे. लिथुआनियाला व्हिल्नियसचा फाटा प्रकल्पातच हवा होता, त्यावर काही वर्षं ताणाताणी. एस्टोनियात तार्तूवाले नाराज, कारण लाइन त्यांना सोडून पार्नूवरून जाते. कंपनीच्या पहिल्या प्रमुख बाइबा रुबेसा यांनी 2018 मध्ये राजीनामा दिला आणि कारण उघड सांगितलं: जे मालक तेच लाभार्थी आणि तेच देखरेख मंडळावर, मग हिशोब विचारायचा कोणी? आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांचं राजकारण पाहिलेल्या माणसाला हे वाक्य ओळखीचं वाटेल.

पैशाचं तर विचारू नका. 2017 च्या अहवालात खर्च धरला होता 5.8 अब्ज युरो. 2024 मध्ये सुधारित आकडा आला, 23.8 अब्ज. चौपट! महागाई, युद्ध, सुरुवातीला न धरलेली कामं, कारणं बरीच दिली गेली. युनियन पात्र खर्चाच्या 85 टक्क्यांपर्यंत मदत देते, पण ती टप्प्याटप्प्याने मंजूर व्हावी लागते. म्हणून काम दोन टप्प्यांत तोडलं. 2030 पर्यंतचा पहिला टप्पा 15.3 अब्जांचा, बऱ्याच भागात एकेरी लाइन. तिन्ही देशांच्या लेखापरीक्षकांनी त्याच वर्षी एकत्र अहवाल दिला. पहिल्या टप्प्यातल्याच सुमारे 10 अब्जांची सोय झालेली नाही, असं त्यात सांगितलं. तिन्ही देशांची लोकसंख्या मिळून साधारण साठ लाख, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. एवढ्या लोकांच्या तिकिटांवर हे पैसे कधीही वसूल होणार नाहीत, हे माझं स्पष्ट मत. मला राग खर्चाचा नाही. ही लाइन सुरक्षेसाठी आणि युरोपशी बांधलं जाण्यासाठी हवी होती, तर 2017 मध्येच लोकांना तसं सांगायचं. प्रवासी किती आणि माल किती याच्या गुलाबी आकड्यांवर ती विकली, आणि आता विरोधकांच्या हातात आयतं कोलीत आहे.

सुरक्षेचा मुद्दा मात्र खोटा नाही. पोलंड आणि लिथुआनियाची सीमा म्हणजे सुवाउकीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला रशियाचं कालिनिनग्राड, दुसऱ्या बाजूला बेलारूस. नाटोचे रणगाडे जर्मनीहून गाडीने निघाले तर गेज बदलतो तिथे ते उतरवून दुसऱ्या डब्यांवर चढवायचे. फेब्रुवारी 2022 नंतर या गोष्टीकडे कुणी सरकारी फाइल म्हणून बघत नाही. विजेच्या जाळ्याचं बघा, फेब्रुवारी 2025 मध्ये तिन्ही देशांनी रशियाशी असलेली जोडणी तोडली आणि ते युरोपच्या जाळ्यात गेले. विजेला जे जमलं ते रुळाला अजून जमलेलं नाही.

विरोध करणारे सगळे रशियाधार्जिणे, असंही नाही. पार्नू जिल्ह्यातल्या मार्गाचा काही भाग संरक्षित निसर्गक्षेत्राजवळून जातो. परिणामांचा नीट विचार झाला नाही म्हणून 2020 मध्ये एस्टोनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला आराखडा अंशतः रद्द केला. प्रकल्प थांबला नाही, पण अभ्यास नव्याने करावा लागला. एवढा लष्करी महत्त्वाचा प्रकल्प, तरी कोर्टाने ऐकून घेतलं.

आपली मुंबई-अहमदाबाद लाइनही याच 1435 च्या मापाची, 508 किलोमीटर, भूमिपूजन सप्टेंबर 2017 चं. तिन्ही पंतप्रधानांनी रेल बाल्टिकाच्या करारावर सही केली तीही 2017 च्याच जानेवारीत. आपल्याकडे देश एक, तरी महाराष्ट्रातल्या 156 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीवरून किती वर्षं गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तर तीन संसदा, तीन भाषा, तीन जमीन कायदे.

रीगात दौगावा नदीत नव्या पुलाचे खांब उभे राहिले आणि पैशाअभावी पुढचं काम दुसऱ्या टप्प्यावर ढकललं गेलं. टालिनला उलेमिस्तेचं मोठं टर्मिनल होतंय, झाहा हदीद यांच्या कंपनीचा आराखडा. आणि पार्नूत? त्या गावाची जुनी प्रवासी गाडी डिसेंबर 2018 मध्ये बंद केली. लाइन खराब झालीय, आता दुरुस्तीवर खर्च कशाला, नवी येतेच आहे, असा हिशोब. तेव्हापासून पार्नूचे लोक टालिनला बसने जातात.