पाटी, किर्द आणि शाळेतला छोटा सर्व्हर

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात वीज जाणे नित्याचेच. विझलेला दिवा पुन्हा लावता येतो. पण वीज जाते त्या क्षणी संगणक काही लिहीत असेल तर?

आज तळहाताएवढ्या संगणकावर लिनक्स चालवून शाळेचा स्वतःचा सर्व्हर उभारता येतो. मराठी विकिपीडिया आणि मुलांनी घेतलेल्या पावसाच्या नोंदी इंटरनेटशिवायही वर्गात पाहता येतात. हे सारे एका नखाएवढ्या फ्लॅश कार्डावर साठवलेले असते. ते कार्ड टिकवण्याची युक्ती कशी सापडत गेली, ते पाहू.

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगासमोर मांडली. तिच्या प्रत्येक कप्प्यात विद्युतरोधकाच्या आवरणात इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. त्यामुळे वीज गेली तरी माहिती राहते. ही स्मृती म्हणजे एक चमत्कारिक पाटी आहे. तिच्यावर थोडे थोडे लिहिता येते, पण एकच अक्षर पुसता येत नाही. पाटीचा मोठा भाग एकदम धुवावा लागतो. शिवाय दर धुण्याला आवरण थोडे झिजते. जुन्या चिपा सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसत. एका कप्प्यात अधिक माहिती कोंबणाऱ्या आजच्या अनेक स्वस्त कार्डांत हा आकडा काही हजारांवर किंवा त्याखाली आला आहे.

फिरत्या चकतीसाठी घडलेल्या जुन्या पद्धतींत फायलींची अनुक्रमणिका त्याच जागी पुन्हा पुन्हा लिहिली जाई. फ्लॅशवर तसे केले तर तोच भाग आधी झिजणार. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९९ मध्ये लिनक्ससाठी यावर उपाय काढला. आपला दुकानदार किर्दीत जुनी नोंद खोडत नाही, नवी नोंद शेवटी लिहितो; तसेच येथे केले. वीज गेलीच तर अर्धवट राहिलेली शेवटची नोंद सोडून द्यायची. मागच्या सुरक्षित राहतात. डेव्हिड वुडहाऊस यांनी २००१ मध्ये या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती, जेएफएफएस-२, तयार केली.

महाराष्ट्रात ही पद्धत मुलांच्या हातात आली ती २००७ मध्ये. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे संगणक रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका एकशिक्षकी शाळेत आले. त्यांत फिरती चकती नव्हती; १ गिगाबाइट फ्लॅशवर जेएफएफएस-२ आणि लिनक्स होते.

दुसरी युक्ती राउटरांतून आली. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सला आरंभी जेमतेम ४ मेगाबाइट फ्लॅशमध्ये मावावे लागे. त्यात पुढे मूळ प्रणाली केवळ वाचता येईल अशी ठेवली आणि बदल वेगळ्या थरात लिहिले. छापील पुस्तकावर पारदर्शक कागद ठेवून खुणा कराव्यात, तसे. कागद बिघडला तरी पुस्तक शाबूत.

आजच्या कार्डात झीज वाटून देणारा छोटा नियंत्रक असतो. तो पडद्याआड जुनी माहितीही इकडून तिकडे हलवतो. त्यामुळे ऐन वेळी वीज गेली तर पूर्वी लिहिलेलेही बिघडू शकते. म्हणून शाळेच्या सर्व्हरसाठी इतिहासाचा धडा एकच: कमीत कमी लिहा. मूळ प्रणाली केवळ वाचनासाठी ठेवावी. क्षणोक्षणीच्या तांत्रिक नोंदी तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, जाऊ द्याव्यात. वीज गेल्यावर त्या पुसल्या तरी बिघडत नाही. मुलांच्या नोंदींसाठी वेगळा भाग राखावा आणि त्यांची प्रत दुसऱ्या कार्डावर काढावी. सर्व्हर रीतसर बंद होईपर्यंत पुरेल एवढी बॅटरीही जोडावी.

एक प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारा: आपल्या सर्व्हरवरची कोणती माहिती गेली तर पुन्हा मिळवता येणार नाही? विकिपीडिया परत आणता येईल. मोखाड्यात गेल्या जुलैत मुलांनी रोज मोजलेला पाऊस मात्र पुन्हा मोजता येणार नाही.