पाषाणांची पोथी आणि तिची हरवलेली पाने



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांना अभिवादन करून मी विषयास आरंभ करतो. मराठीच्या प्राध्यापकाने दगडधोंड्यांविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या मजकुरावर सन-शके काहीच लिहिलेले नाही त्याचा काळ ठरवायचा कसा, हा प्रश्न भूशास्त्रज्ञाला जसा पडतो तसाच जुन्या हस्तलिखितांच्या आणि कोरीव लेखांच्या अभ्यासकालाही पडतो. दोघांची वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला मराठी लेख आपणांस ठाऊक आहे. त्याच्या दोन ओळी आहेत. पहिलीत चामुंडरायाचे नाव येते, दुसरीत गंगराजाचे. लेखावर काळ दिलेला नाही. चामुंडराय दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, गंगराज बाराव्या शतकाच्या आरंभीचा. मग पहिली ओळ चामुंडरायाच्या काळीच कोरली गेली, की गंगराजाने सुमारे १११७ मध्ये दोन्ही ओळी एकदमच कोरविल्या, यावर आपल्या विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. अक्षरांची वळणे तपासली गेली, शेजारच्या लेखांशी ती ताडून पाहिली गेली. या वादाचा निकाल काहीही असो, त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : लेख ज्या काळाविषयी बोलतो तो काळ आणि लेख ज्या काळी कोरला गेला तो काळ, या दोन भिन्न गोष्टी असू शकतात. दगडांच्या बाबतीत हे भान अधिकच ठेवावे लागते.

त्या शास्त्राचा पहिला नियम साधा आहे. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने तो मांडला : पाण्यात गाळ बसून झालेल्या थरांत खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. दुसरा नियम विल्यम स्मिथ नावाच्या इंग्रज मोजणीदाराला कालव्यांची खोदाई पाहताना सापडला. प्रत्येक थरातले शंखशिंपले विशिष्ट असतात आणि त्यांच्यावरून दूरदूरचे थर एकमेकांशी जुळविता येतात, हे ओळखून त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. अक्षराच्या वळणावरून शिलालेखाचे शतक ओळखावे, तसाच हा प्रकार होय.

आता आपल्या पंचक्रोशीकडे वळू. बेळगुंदीच्या परिसरात विहीर खोदणाऱ्याला विचारा. तो थरांचा क्रम तोंडपाठ सांगेल. वर तांबडी माती, मग जांभा, त्याखाली पांढरट-जांभळी मऊ माती, मग मुरूम, आणि शेवटी सुरुंगावाचून न हलणारा काळा कातळ. ऐकणाऱ्याला वाटावे की स्टेनोचा नियम येथे जसाच्या तसा लागू आहे. तो तसा लागू नाही. जांभा हा कोणी वरून आणून पसरलेला थर नव्हे. खालचा काळा कातळच लक्षावधी वर्षांच्या पावसात झिजला. त्यातील चुना, वाळूचा अंश आणि इतर विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले, आणि त्याचा जांभा झाला. म्हणजे विहिरीत दिसतात ते पाच थर नसून एकाच दगडाच्या वार्धक्याच्या पाच अवस्था आहेत. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आपल्या वाडवडिलांनी घरे बांधली, त्याला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये दिले. लॅटिन भाषेत त्याचे मूळ 'वीट' असे आहे, आणि मलबारात लोक तो विटेसारखाच कापून घेताना त्याने पाहिले होते. जांभ्यात जीवाश्म शोधू नयेत. ज्या पावसाने दगडाचेच सत्त्व धुऊन नेले, तो हाड किंवा शिंपला कशाला मागे ठेवील?

खालचा काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीच्या कड्यांकडे पाहिले की तो का आला ते कळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा उसळला आणि एकावर एक थर साचत गेले. आजही हा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. महाबळेश्वराकडे त्याची जाडी किलोमीटरच्या वर जाते. आपल्या बाजूला तो पातळ होत होत संपतो. माणसांनी आखलेल्या सीमारेषांविषयी येथे पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलणे निष्कारण नाही. पण काळ्या दगडाचीही दक्षिण सीमा आपल्याच जिल्ह्यातून जाते, हे क्वचितच कोणी सांगते.

लाव्हा अखंड वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये दीर्घ विसावे असत. त्या काळात पृष्ठभागाची माती होई, डबकी-तळी साचत, वनस्पती उगवत, प्राणी येत. मग पुढचा लाव्हा येऊन सारे झाकून टाकी. या मधल्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे थर तपासले आणि गोड्या पाण्यातील गोगलगाई, बिया, फळे गोळा केली. मुंबईत वरळीच्या अशाच थरातील चिमुकल्या बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन याने १८४७ मध्ये केले. आपल्या गोकाक परिसरातील ममदापूरचे थरही याच कुळातले. अग्निप्रलयांच्या मधल्या निवांत तळ्यांत बेडूक डरावत होते, ही कल्पना मला कोणत्याही पुराणकथेपेक्षा अधिक विस्मयकारक वाटते.

याच जीवाश्मांवरून पुढे मोठा वाद झाला. हे लाव्हाचे थर डायनोसॉरांच्या युगातले की त्यानंतरचे? जुन्या सर्वेक्षकांचा कल पहिल्या मताकडे होता. बिरबल साहनी यांनी १९३०च्या दशकात अंतरा-ट्रॅपी वनस्पतींच्या आधारे दुसरे मत आग्रहाने मांडले. निर्णयास उशीर लागला, कारण गोगलगाय किंवा ताडाचे खोड क्रम सांगू शकते, वर्षांची संख्या सांगू शकत नाही. ती संख्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून मिळते : युरेनियमचे शिसे व पोटॅशियमचा आर्गॉन वायू ठरलेल्या गतीने होत असतो, म्हणून स्फटिकात किती झाला हे मोजले की स्फटिकाचे वय निघते. अशा मोजण्यांनी १९८०च्या दशकापासून ६.६ कोटींच्या आसपासचा काळ दृढ केला. डायनोसॉरांचा अंत झाला ती वेळही हीच; उद्रेक त्या सीमेच्या थोडे आधी सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले. म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या पदरात सत्याचा काही अंश पडला. आपल्या पाठभेदांच्या वादांत असे भाग्य फार थोड्यांना लाभते!

येथून आपण मार्कंडेय नदीबरोबर पूर्वेकडे जाऊ. राकसकोपचे धरण मागे टाकून ही नदी बेळगावच्या उत्तरेने वाहत गोकाककडे जाते आणि घटप्रभेला मिळते. वाटेत गोडचिनमलकी येथे ती कड्यावरून खाली झेपावते. घटप्रभा स्वतः गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. ते कडे काळ्या दगडाचे नाहीत; ते फिकट तांबूस, टणक वालुकाश्माचे आहेत. वाळूच्या त्या थरांत प्राचीन पाण्याच्या लाटांनी उमटविलेल्या वळ्या अजून पाहावयास मिळतात. कलादगी या गावावरून या पाषाणसमूहाला नाव मिळाले. त्यातील चुनखडकांत सूक्ष्म जीवांनी थरावर थर रचून केलेले गोलाकार उंचवटे आढळतात. शंख नाही, शिंपला नाही, मासा नाही. एवढाच काय तो जीवनाचा पुरावा. याचे कारण उघड आहे. हे थर ५४ कोटी वर्षांपूर्वीच्याही कितीतरी आधीचे आहेत, आणि कवचधारी प्राण्यांची रेलचेल त्यानंतर सुरू झाली. त्याखाली असलेले धारवाडी पाषाण तर २५० कोटी वर्षांहून जुने. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरले, तर आपला जिल्हा तिच्या निम्म्याहून अधिक आयुष्याचा साक्षी ठरतो.

साक्षी खरा, पण तोंड उघडणारा सदैव नव्हे. मला आज मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. गोकाकच्या परिसरात कलादगीच्या वालुकाश्मावर थेट काळा दगड येऊन बसलेला आढळतो. दोहोंच्या मधली किमान ४५ कोटी वर्षे तेथे नाहीत. पहिले मासे, पहिली अरण्ये, दगडी कोळसा झालेले वृक्ष, डायनोसॉरांचा उदय : हे सारे त्या एका रेषेत गडप झाले आहे. भूशास्त्रज्ञ तिला विसंगती म्हणतात. त्या काळात येथे काही घडलेच नाही, असा तिचा अर्थ नव्हे. येथे जमीन उघडी होती, झिजत होती, आणि तिने लिहिले ते तिनेच पुसले. पोथीचे मधले तीनशे पत्रे गहाळ असले, तर चांगला संपादक तेथे खूण करतो आणि पुढे जातो; स्वतः ओव्या रचून जागा भरीत नाही. आपल्या गावांचा इतिहास लिहिताना मात्र आपण हा संयम सोडतो. दोन वीरगळांच्या मध्ये काही सापडले नाही की पांडवांना वनवासात आपल्या गावी आणतो, आणि मोठे हाड सापडले की राकस तयारच असतो.

हाडाचा विषय निघाला आहे म्हणून चिकदौलीविषयी सांगतो. रॉबर्ट ब्रूस फूट हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा अधिकारी १८५८ मध्ये नोकरीत आला. मद्रासजवळ पल्लावरम् येथे १८६३ मध्ये त्याला दगडी हत्यार सापडले आणि भारतीय अश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. पुढे त्याने आपला प्रदेश पायाखाली घातला, आणि १८७६ मधील त्याच्या ग्रंथाच्या नावातच या भूमीला 'दक्षिण मराठा देश' म्हटले आहे. गोकाकजवळच्या चिकदौली येथे नदीगाळात त्याला गेंड्याचे अवशेष मिळाले. १८७४ मध्ये त्याने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या गेंड्याला 'डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले. आज गेंडा पाहावयाचा तर आसाम, उत्तर बंगाल किंवा हिमालयाच्या पायथ्याची तराई गाठावी लागते. ज्या घटप्रभेच्या खोऱ्यात आपण ऊस आणि ज्वारी पाहतो, तेथे कधी काळी अशा प्राण्याला पुरेल एवढे गवत आणि पाणथळ होते.

पण हे आपणांस कळले ते केवळ हाडामुळे नव्हे. हाड कोणत्या थरात, कशाच्या खाली आणि कशाच्या वर होते, याची नोंद झाली म्हणून कळले. तेच हाड एखाद्याने घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवले असते, किंवा वाळू उपसताना ते ट्रकमध्ये गेले असते, तर पोथीवाचून सुटलेल्या ओवीसारखी त्याची गत झाली असती. कोणाची म्हणून सांगायची? चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. तिची कोणी किंमत केली असती काय? २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म कण ओळखले गेले, आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते हा जगभरचा समज बदलावा लागला. विष्ठेचा थर निश्चित होता, म्हणूनच तिची साक्ष मानली गेली.

फूटच्या मागून आपल्याच लोकांनी हे काम पुढे नेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील र. वि. जोशी यांनी मलप्रभेच्या खोऱ्याचा अभ्यास करून १९५५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच संस्थेतील पप्पू यांनी घटप्रभेकाठी अनगवाडी येथे उत्खनन केले आणि कृष्णेच्या वरच्या खोऱ्यावर १९७४ मध्ये ग्रंथ लिहिला. दोन्ही नद्यांच्या जुन्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या बहुतांशी कलादगीच्या टणक वालुकाश्माच्याच आहेत : ज्या वाळूवर एकही पाऊल उमटण्याची सोय नव्हती, तिचाच दगड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी कोणी तरी तो नदीतून उचलला, दुसऱ्या गोट्याने त्याच्या कडेचे टवके उडविले, आणि धार आली की नाही हे बोट फिरवून पाहिले.