धारेचा चिखल

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक पटाशी घेतली. मूठ फुटलेली, पातं गंजलेलं. गंज खरवडला तेव्हा पोलादात ठोकलेली अक्षरं दिसली: शेफील्ड. दिवसभर कोड लिहिल्यावर हाताला काहीतरी खरं लागावं म्हणून मी व्हिडिओ बघून सुतारकाम शिकतोय. तर पहिलं काम, हिला धार लावणं.

धारेचा दगड ओट्यावर ठेवला, पाणी शिंपडलं आणि घासायला लागलो. दहा मिनिटांत काळी राबडी ओट्यावरून शेगडीखाली पोचली. रूममेट म्हणाला, "अरे, इथे मी पोळ्या लाटतो." तक्रार रास्त होती. तेव्हापासून दगड परातीत असतो, त्याच्याखाली ओलं फडकं. दगड सरकत नाही आणि चिखल परातीबाहेर जात नाही.

हा चिखल म्हणजे पोलादाचे आणि दगडाचे कण, पाण्यात कालवलेले. माझ्याकडे तो चमचाभर निघतो. जिथे ही पटाशी बनली त्या गावात हजारो माणसं रोज दिवसभर हेच करायची. त्यांचा पसारा कुठे जायचा, एवढंच मला बघायचं होतं.

शेफील्डमध्ये कामं वाटलेली होती. पातं एकजण ठोकणार, घासणार दुसरा, मूठ बसवणार तिसरा. घासणाऱ्याला ग्राइंडर म्हणत. आपल्याकडे या शब्दाने चटणी आठवते, पण तिथे ग्राइंडर म्हणजे माणूस. तो लाकडी घोडीवर दोन्हीकडे पाय टाकून, पुढे वाकून बसायचा. समोर वालुकाश्माचं मोठं चाक, पूर्वी ओढ्याच्या पाण्यावर आणि पुढे वाफेवर फिरणारं. चाकाचा खालचा भाग पाण्याच्या डोणीत बुडालेला असायचा. उडालेला पिवळसर चिखल समोरच्या भिंतीवर थापला जायचा आणि तिथेच थरावर थर चढायचे.

या चिखलाला 'व्हीलस्वार्फ' म्हणत आणि तो फुकट जात नसे. लोखंडाचं पोलाद करण्याच्या भट्टीत लोखंडाच्या पट्ट्या आणि कोळसा दगडी पेट्यांत भरून त्यांची तोंडं याच चिखलाने लिंपायचे. आचेत तो वितळून टणक कवच व्हायचा. भट्टी निवल्यावर फोडून काढलेलं ते कवच लोक कुंपणाच्या भिंतींवर बसवायचे. शेफील्डमध्ये अशा काळ्या, खडबडीत माथ्याच्या भिंती आजही दिसतात. रीसायकलिंगचं इतकं सुंदर उदाहरण वाचून मी खूश झालो होतो. पुढचं वाचेपर्यंत.

कारण सगळं काम ओलं नव्हतं. जेवणाचे काटे सुक्या चाकावर घासले जात, आणि सुक्या चाकाची धूळ भिंतीवर बसत नाही, हवेत राहते. शेफील्डच्या डॉ. आर्नल्ड नाइट यांनी 1830 मध्ये 'ग्राइंडरांच्या दम्या'वर लिहिलं. त्यांचे आकडे एंगेल्सने 1845च्या आपल्या पुस्तकात घेतले आहेत. जेवणाच्या सुऱ्या ओल्या चाकावर घासणारे 40 ते 50 वर्षांपर्यंत जगत. वस्तरेवाले, थोडं ओलं आणि थोडं सुकं काम करणारे, 40 ते 45. काटेवाले 28 ते 32. अडीच हजार ग्राइंडरांत काटेवाले दीडशेच होते, त्यातली 70 मुलं.

मी 28 वर्षांचा आहे. हा परिच्छेद मी दोनदा वाचला.

उपाय शोधले गेले नाहीत असं नाही. 1820च्या दशकाच्या सुरुवातीला शेफील्डच्याच अब्राहम नावाच्या शिक्षकाने चाकाजवळ आणि तोंडासमोर लोहचुंबक लावायची युक्ती काढली. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांचा गौरव केला. कल्पना हुशार, पण चुंबक ओढणार फक्त पोलाद. वालुकाश्म म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. फुफ्फुसं पोखरत होती ती त्याची भुकटी, आणि ती चुंबकाला दाद देत नाही. चुकीचा बग फिक्स करून टाळ्या मिळवणं आमच्याही धंद्यात चालतं, म्हणून मला अब्राहम गुरुजींचा राग आला नाही.

खरा उपाय होता पंखा. चाकाभोवती पेटी, पेटीतून नळी आणि धूळ बाहेर ओढणारा पंखा. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी 1843 मध्ये त्याची जोरदार बाजू मांडली. पण काही ठिकाणी कामगारांनीच ही यंत्रं फोडली. एंगेल्स सांगतो की धंदा सुरक्षित झाला तर आणखी माणसं येतील आणि मजुरी पडेल, अशी त्यांना भीती होती. आयुष्य थोडं असलं तरी चालेल, पण मजेत जावं. हे वाचून 'अडाणी लोक' म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बरेच ग्राइंडर कुणाचे पगारी नोकर नव्हते. ते चाकाची जागा भाड्याने घ्यायचे आणि नगावर कमवायचे. मग पंखा कुणी बसवायचा? तिशीत मरणाऱ्या माणसाने, दुसऱ्याच्या इमारतीत, स्वतःच्या खर्चाने? पंख्याची सक्ती करायचे अधिकार कायद्याने आले ते 1867 मध्ये.

बरं, ओलं काम तरी सुरक्षित होतं का? मला तसंच वाटत होतं, परातीमुळे. पण नवीन चाक बसवलं की ते गोल करावं लागे, पोलादी सळई धरून, आणि तेही सुकंच. खोली धुळीने भरून जायची. शिवाय भिंतीवरचा, जमिनीवरचा चिखल वाळला की पुन्हा धूळच. पाण्यात काम करूनही सिलिकोसिस होतो, हे मॅकलिन आणि मिडलटन यांच्या 1923च्या सरकारी अहवालात नोंदलेलं आहे. आजार कमी व्हायला मोठा हातभार लावला तो कृत्रिम चाकांनी. अचेसनने 1891 मध्ये भट्टीत कार्बोरंडम बनवलं आणि हळूहळू वालुकाश्मच गेला.

माझा दगडही कारखान्यातला आहे आणि मी आठवड्यातून वीस मिनिटं घासतो. माझी आणि त्यांची तुलना होत नाही. तरी एक सवय बदलली. आधी परातीतला चिखल वाळू द्यायचो आणि मग सुक्या ब्रशने झटकायचो, सिंक तुंबू नये म्हणून. आता परात बाल्कनीतल्या जुन्या बादलीत विसळतो. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी ओतून देतो. पटाशीने परवा सागाची पहिली पातळ कात सोलली. बादलीतला गाळ बोटभर झालाय, ओलाच ठेवलाय.