गार वाटलं म्हणजे निवलं का?

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो परका नाही, आपल्या घरातलाच आहे. चेहरा लाल झाला, चुणचुणायला लागला, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली, की ‘उष्णता झाली’ हे निदान तयार असतं. उष्णतेवर उतारा अर्थातच गारव्याचा. पूर्वी तो उगाळलेल्या चंदनाचा, गुलाबपाण्याचा, काकडीच्या चकत्यांचा असे. आता त्या जागी निळ्या-हिरव्या जेलच्या नळ्या आल्या, फ्रीजमध्ये ठेवायचे दगडी रोलर आले, आणि बर्फाच्या भांड्यात तोंड बुडवून दाखवणारे सिनेतारे आले. साधनं बदलली तरी सिद्धान्त तोच राहिला: त्वचेची आग म्हणजे उष्णता, गारव्याने ती शमते, आणि गारवा जितका जास्त तितका गुण जास्त.

यात खरं काहीच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. डास चावला, भुवया कोरून आल्यावर कातडी लाल झाली, परागकणांनी डोळे चरचरले, तर गार पाण्याची घडी ठेवावी, आराम पडतोच. गारव्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतून बाहेर झिरपणारा द्रव कमी होतो, खाज आणि वेदना वाहून नेणारे मज्जातंतू मंदावतात. इथवर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या उडीबद्दल: जे गार लागतं ते गार करतं, आणि जे गार करतं ते बरं करतं.

पहिल्या विधानाचा निकाल प्रयोगशाळेत कधीच लागला आहे. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७मध्ये मिरचीच्या तिखटाला दाद देणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक शोधला. २००२मध्ये ते आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दुसरा एक ग्राहक ओळखला, टीआरपीएम-८. या दोघांना पुढे २०२१चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्वचेचं तापमान सव्वीस अंशांच्या आसपास उतरलं की हा ग्राहक उघडतो आणि मेंदूकडे थंडीची वर्दी जाते. पण पुदिन्याच्या अर्कातलं मेंथॉलही नेमकं तेच दार उघडतं. वर्दी थंडीची, प्रत्यक्षात थंडी नाही.

खात्री करायची असेल तर कोविडच्या काळात घरोघर आलेली तापमान मोजायची बंदूक कपाटातून काढा आणि ती पृष्ठभागाचं तापमान दाखवेल अशी लावा. डोकेदुखीचा मेणासारखा बाम, ज्यात पाणी नसतं असा, मनगटाच्या आतल्या बाजूला चोळा. पाच मिनिटांनी तिथे गारगार लागेल. बंदुकीवरचा आकडा मात्र जवळजवळ होता तिथेच असेल. उलट मेंथॉल लावल्यावर त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे लाल झालेल्या गालाला ‘कूलिंग’ जेल लावणाऱ्याला शांतीचा भास होतो आणि लाली मात्र वाढू शकते. रोझेशिया, म्हणजे गाल आणि नाक वारंवार लालबुंद होण्याचा विकार असलेल्यांनी मेंथॉल आणि कापूर असलेली प्रसाधनं टाळावीत, असं अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी सांगते. आपल्याकडच्या सावळ्या वर्णावर ही लाली चटकन दिसत नाही. मग रुग्ण वर्षानुवर्षं ‘माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे’ एवढंच म्हणत राहतो आणि नेमकी हीच जेलं लावत राहतो. थोडी चुरचुर झाली की औषध लागू पडतंय, ही समजूत तर आयोडीनच्या जमान्यापासूनची. डॉक्टर खाजेसाठी मेंथॉलयुक्त लोशन देतात हे खरं, पण ते अल्प प्रमाणात आणि बहुधा अंगासाठी. शिवाय कुठल्या त्वचेला द्यायचं हे पाहून देतात.

मग सगळी जेलं लबाड का? नाही. साध्या जेलमध्ये पाणी असतं, आणि पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. ग्रॅमभर पाण्यामागे सुमारे ५८० कॅलरी. माठातलं पाणी गार होतं तेच हे तत्त्व. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याच्या नावावर सांगितलं जाणारं मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाण्याचं मलम याच तत्त्वावर थंडावा देई. कोल्ड क्रीमचं मूळ तिथे आहे. (आपण ते ऐन थंडीत लावतो ती गोष्ट वेगळी.) कॅलामाइन लोशनही बरंचसं असंच काम करतं: पाणी उडतं, झिंक ऑक्साइडची गुलाबी भुकटी मागे राहते. हा गारवा खरा असतो, पण चार-दोन मिनिटांचा, आणि हवेवर अवलंबून. मे महिन्यातल्या नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत नुसता दमट वारा फेकतो, जेलचंही तसंच. पटकन उडावं म्हणून जेलमध्ये अल्कोहोल घातलेलं असेल तर गारवा वाढतो खरा, पण आधीच हुळहुळलेली त्वचा कोरडी पडून जास्त चरचरते. कोरफडीचा ताजा गर हा निरुपद्रवी पर्याय समजतात. पान कापल्यावर सालीखालून जो पिवळा चीक ओघळतो तो धुऊन टाकला नाही, तर त्यानेच तोंड खाजतं.

इथे पूर्वपक्ष शेवटचा आधार काढतो: आयुर्वेद. शीत द्रव्यं दाह शमवतात हे चरकाने सांगितलं नाही का? सांगितलं आहे, पण काय सांगितलं ते पाहावं. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात दाह शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा गण आहे. त्यात चंदन आणि वाळा आहेत, तशाच लाह्या, साखर, ज्येष्ठमध, शिवणीचं फळ आणि गुळवेलही आहे. लाह्या हाताला गार लागतात असं कोणी म्हणेल का? गुळवेलीला तर भावप्रकाशाने उष्ण म्हटलं आहे, तरी ती दाहशामकच. आयुर्वेदात द्रव्याचा स्पर्श वेगळा आणि वीर्य वेगळं. फ्रीजमधून काढलेल्या रोलरला स्पर्श आहे, वीर्य नाही. त्याहून मासलेवाईक उदाहरण अंगावर पित्त उठण्याचं. गांधी उठल्या, खाज सुटली, की आपण उष्णतेच्या नावाने बोटं मोडतो. माधवनिदानात शीतपित्ताच्या कारणांत पहिलं नाव गार वाऱ्याच्या स्पर्शाचं आहे. आधुनिक वैद्यकही थंडीने उठणाऱ्या गांधींचा वेगळा प्रकार मानतं. अशा माणसाच्या चेहऱ्यावर बर्फ फिरवणं म्हणजे उपाय नव्हे, निमंत्रण. परंपरेचा हवाला द्यायचा तर पोथी उघडावी. पार्लरमधल्या फलकावर परंपरा भागवू नये.

बर्फाबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण सध्या त्याचीच चलती आहे. बर्फाने रोमरंध्रं बंद होतात, हा समज पहिला. रंध्राच्या तोंडाला ते आवळणारा स्नायूच नसतो. केस उभे करणारा बारीक स्नायू खाली, केसाच्या मुळाच्या बाजूला असतो. त्वचा घडीभर ताणल्यासारखी दिसते, इतकंच. दुसरं असं की फ्रीझरमधून नुकताच काढलेला खडा शून्य अंशाचा नसतो, शून्याखाली पंधरा-अठरा अंशांचा असतो. तो कोरडा दिसतो, ओल्या बोटाला चिकटतो. पाण्याने निथळायला लागेपर्यंतचा त्याचा काळ सगळ्यात वाईट, आणि उत्साही माणूस नेमका त्याच वेळी तो गालाला लावतो. लहान मुलांनी बर्फाची कांडी बराच वेळ गालाशी धरली, तर दोन-तीन दिवसांनी तिथे लाल, टणक गाठ येते. त्वचेखालच्या चरबीला थंडीने आलेली सूज असते ती. मोठ्यांच्या गालावर बहुधा इतकं होत नाही. पण आकसलेल्या रक्तवाहिन्या बर्फ काढल्यावर पुन्हा फुलतात, आणि रोझेशियावाल्याचा चेहरा पहिल्यापेक्षा लाल होतो. भाजल्यावरसुद्धा बर्फ लावायचा नाही. वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, हा प्रथमोपचाराचा मान्य नियम. भाजलेल्या कातडीला जे सोसत नाही ते नुसत्या चिडलेल्या कातडीला भरपूर द्यायचं, यात काय तर्क आहे? बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवल्यावर मन शांत होतं म्हणतात. होत असेल. त्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांचे मंदावतात तसे. त्वचा निरोगी होण्याशी त्याचा संबंध नाही, आणि हृदयविकार असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये.

आता डोळ्यांखालची सूज. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर, तिच्याखालची ऊती सैल. रात्रभर आडवं पडल्यावर शरीरातलं पाणी तिथे साचतं. आदल्या रात्री पापड-लोणचं सढळ हाताने झालं असेल तर अधिकच. उठून उभं राहिलं, तासभर वावरलं, की ते आपोआप खाली उतरतं. नेमक्या त्या तासात आपण रोलर फिरवतो आणि श्रेय रोलरला देतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कॅफीनच्या डोळ्यांच्या जेलचा थायलंडमधल्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा सूज कमी होण्यात कॅफीनपेक्षा जेलच्या ओल्या गारव्याचाच वाटा मोठा निघाला. म्हणजे कॅफीनचे जादा पैसे मोजण्यापेक्षा गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल पुरे. वयानुसार डोळ्यांखालची चरबी पुढे येऊन ज्या पिशव्या दिसतात, त्यांवर मात्र दोन्हींचा उपयोग शून्य.

एवढं झाल्यावर समोरचा म्हणतो, ‘असेना का भास, नुकसान तर नाही?’ युक्तिवाद सौम्य आहे, म्हणूनच तो सगळ्यात घातक. तीन-चार वर्षांच्या मुलाचे डोळे रोज सकाळी सुजतात, दुपारपर्यंत उतरतात. घरचे ॲलर्जी समजून गार पट्ट्या ठेवतात, आणि सूज उतरतेच, म्हणून पट्टीवर विश्वास बसतो. खरं म्हणजे लघवीवाटे प्रथिनं जात असतात. मूत्रपिंडाच्या नेफ्रॉटिक सिंड्रोमची हीच नेहमीची सुरुवात. लघवीची साधी, स्वस्त तपासणी करून ती कळते. मोठ्यांत थायरॉइड मंदावला तरी तोंड असंच फुगतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत.

आणि आपल्या देशात तर त्वचेच्या आगीचं एक खास कारण नळीतच भरलेलं असतं. गोरं करणारं म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या क्रीममध्ये बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखं स्टिरॉइड निघतं. महिना-दोन महिने चेहरा उजळ, तुकतुकीत. मग त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, ऊन सोसत नाही, आणि क्रीम एक दिवस चुकलं की तोंडाची होळी होते. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या दशेला वेगळं नाव दिलं आणि अशा क्रीमच्या सर्रास वापराविरुद्ध मोहीमही उघडली. अशा चेहऱ्यावर बाई बर्फ फिरवते, थंड जेल थापते, रात्री चरचर सहन न होऊन पुन्हा तीच नळी उघडते. तिचा रोग गारव्याअभावी झालेला नाही. जेलने तिला दोन तास झोप मिळते आणि डॉक्टरकडे जाणं दोन महिने लांबतं. जाताना तिने ती नळी पिशवीत टाकून न्यावी: आत कुठलं स्टिरॉइड आहे आणि ते किती दिवस लावलं, यावर ते एकदम थांबवायचं की हळूहळू सोडवायचं, हे ठरतं.