शेलची जन्मकथा



बुलढाणा जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें सोनाळा हें माझें गांव. मी केवळ मॅट्रिक झालेला. शाळेंत इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलें. संगणकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मजकडे नाहीं. तथापि शास्त्रांनाही इतिहास असतो, आणि तो सांगण्यास शिक्षकानें संकोच करूं नये.

प्रसंग असा घडला. अभियांत्रिकी शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी सुटींत गांवीं आला होता. सी भाषेंत एक लहानसा 'शेल' रचून आणण्याचें काम त्याला कॉलेजांत मिळालें होतें. चार दिवस खपून त्यानें तो उभा केला. फायलींची यादी मागितली कीं येई, तारीख विचारली कीं मिळे. परंतु एका फोल्डरमधून दुसऱ्यांत जाण्याची 'सीडी' ही आज्ञा दिली, कीं शेल जागचा हलेना. चूक झाल्याची सूचनाही येईना. खिन्न होऊन तो म्हणाला, "गुरुजी, हें आपल्यासारख्या खेड्यांतल्या पोरांचें काम नव्हे." तो उद्गार मला लागला, व या विषयाचा इतिहास मी धुंडाळूं लागलों.

शेल म्हणजे काय? भुईमुगाच्या शेंगेंत दाणा आंत व टरफल बाहेर असतें. संगणकाची सारी सत्ता ज्याच्या हातीं असते तो आंतील दाणा, म्हणजे 'कर्नल'; आणि आपण टंकलेली आज्ञा वाचून ती पार पाडविणारें बाहेरचें टरफल, म्हणजे शेल. हें नांव लुई पूझां या फ्रेंच तज्ज्ञानें १९६५ च्या सुमारास दिलें. त्यामागील विचार क्रांतिकारक होता. आज्ञा घेणारा हा द्वारपाल राजसत्तेचा अंश नसून इतरांसारखाच एक साधा प्रोग्राम आहे. न आवडल्यास कोणींही त्याच्या जागीं दुसरा लिहून ठेवावा.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन यांनीं पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्स प्रणालीचा पाया घातला. डेनिस रिची हे त्यांचे सहकारी. पहिला शेल आज्ञा वाचून स्मृतींत आपल्याच जागीं हवा तो प्रोग्राम आणून बसवी. म्हणजे तो स्वतः पुसला जाई, आणि काम संपतांच त्याची नवी प्रत आणावी लागे. पुढें 'फोर्क' ही युक्ति आली. तिच्या योगानें शेल आपली हुबेहूब दुसरी प्रत निर्माण करतो. ही प्रत म्हणजे जणू त्याचें अपत्य. अपत्य 'एक्झेक'च्या द्वारें आज्ञेंतील प्रोग्रामचें रूप घेतें. पिता 'वेट' म्हणून थांबतो, व अपत्याचें कार्य संपलें कीं पुढील आज्ञा मागतो. आजचा शेलही मूलतः एवढेंच करतो. पीडीपी-७ वर फोर्कला असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या, असें रिची यांनीं नमूद केलें आहे.

आणि येथेंच मौज झाली. फोर्क येतांच फोल्डर बदलण्याची आज्ञा बंद पडली! त्या धुरंधरांनीं आपलें लिखाण पुन्हां पुन्हां वाचून पाहिलें. शेवटीं उलगडा झाला: आज्ञा अपत्य पाळत होतें, जागा अपत्याची बदलत होती, आणि दुसऱ्याच क्षणीं तें नाहींसें होत होतें. पिता होता तेथेंच! म्हणून ही एक आज्ञा अपत्यावर न सोंपवितां शेलनें स्वतःच पाळावी, असें ठरलें.

आमच्या विद्यार्थ्याची चूक अक्षरशः हीच होती. 'सीडी'च्या ओळी त्यानें फोर्कनंतर, अपत्याच्या वांट्याला ठेवल्या होत्या. त्या फोर्कच्या आधीं आणतांच शेल चालूं लागला. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही, कीं आपण चुकलों तेथें थॉम्प्सन-रिचीही अडले होते, हें कळतांच त्याच्या मुद्रेवरची खिन्नता गेली.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. रिची यांनीं सी भाषा घडविली, आणि १९७३ सालीं युनिक्सचा गाभा तिच्यांत नव्यानें लिहिला गेला. १९७९ सालीं स्टीव्हन बोर्न यांचा, तर १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' शेल प्रसिद्ध झाला. दाण्याला धक्का न लावतां टरफल बदलतां येतें, म्हणूनच हें घडलें. आपल्या विदर्भाचाही या विद्येशीं संबंध आहे. 'लेट अस सी' या ज्या इंग्रजी पुस्तकावरून देशांतील असंख्य विद्यार्थी सी भाषा शिकले, त्याचे कर्ते यशवंत कानेटकर हे नागपूरचेच.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलें आज तयार यंत्रें लीलया हाताळतात. त्यांना यशाच्या कथा पुष्कळ ऐकूं येतात. थोरांच्या चुकांच्या मात्र क्वचितच. त्याही सांगत जाव्या, एवढी विनंती करून आपली रजा घेतों.