लिस्बनची वाट

खेळाच्या जगात स्पर्धेच्या दोन रीती आहेत. एका रीतीत संघ वर्षभर खेळत राहतो. एखाद्या रविवारी हरला तर पुढच्या रविवारी भरपाई करतो आणि अखेरीस गुणांची बेरीज मांडून त्याची योग्यता ठरते. दुसऱ्या रीतीत ही सवलत नाही. जो हरला तो घरी परतला. तिला आपण बाद फेरी म्हणतो. पहिली रीत माणसाच्या सातत्याची परीक्षा घेते, तर दुसरी त्याच्या अंतःकरणाची.

युरोपातील राष्ट्रीय विजेत्या क्लबांसाठी १९५५ मध्ये युरोपियन कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ती आरंभापासून अंतापर्यंत बाद पद्धतीचीच होती. दोन संघांनी एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना खेळायचा, दोन्ही सामन्यांतील गोल एकत्र मोजायचे, ज्याचे अधिक तो पुढे. अंतिम सामना मात्र एकच, तोही तटस्थ भूमीवर. १९९१ मध्ये या स्पर्धेत गटसाखळी आली, पुढच्या वर्षी तिचे नाव चॅम्पियन्स लीग झाले, आणि २०२४ पासून ३६ संघ प्रत्येकी ८ सामने खेळून मगच बाद फेरीची वाट धरतात. जुन्या काळी ही उसंत नव्हती. सप्टेंबरमध्ये पाय घसरला की ते वर्ष संपले.

त्या जुन्या पद्धतीतील एक प्रवास आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो : स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक क्लबचा १९६६-६७ चा प्रवास. हा क्लब एका धर्मग्रामाच्या सभागृहात जन्मला, म्हणून कॅथलिक वाचकांना त्याच्याविषयी जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या यशाला आपण सहजपणे ‘आपले’ म्हणतो, ते कोणाकोणाच्या हातून घडले हे पाहणे इतिहासाचे काम आहे. जिव्हाळ्याने त्या कामात अडथळा आणू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने नष्ट झाले आणि भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली, लाखोंनी देश सोडला. त्यांतील कित्येक कुटुंबे समुद्र ओलांडून ग्लासगोच्या पूर्व भागात येऊन राहिली. मजुरी तुटपुंजी, खोल्या कोंदट, आणि त्यात परका पंथ. प्रोटेस्टंट बहुसंख्येच्या त्या शहरात हे आयरिश कॅथलिक नकोसे पाहुणे होते.

तेथील सेक्रेड हार्ट शाळेत ब्रदर वॉलफ्रिड नावाचे मुख्याध्यापक होते. त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात १८४० मध्ये जन्मलेले हे गृहस्थ मरिस्ट ब्रदर्स या व्रतस्थ बंधूंच्या संघाचे सभासद होते. दुष्काळ त्यांनी बालपणी पाहिला होता. उपाशी मूल शाळेत टिकत नाही हे जाणून त्यांनी गरीब मुलांसाठी जेवणाची सोय केली. त्यांना आणखी एक धास्ती होती. शहरात प्रोटेस्टंट संस्थांची अन्नछत्रे होती. तेथे सूप पिण्यास जाणारी मुले आपल्या श्रद्धेस मुकतील, असे त्यांना वाटे. ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भूक आणि भीती या दोहोंतून सेल्टिकची कल्पना निघाली.

जेवणासाठी पैसा हवा होता आणि फुटबॉलच्या सामन्यास लोक पैसे देऊन येत. एडिंबरो येथील कॅथलिकांच्या हायबर्नियन या संघाने १८८७ च्या आरंभी स्कॉटिश कप जिंकला होता, त्यावरून धीर आला. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली. २८ मे १८८८ रोजी पहिला सामना शहरातीलच रेंजर्स संघाशी झाला आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. एका बाबतीत मात्र सेल्टिकने हायबर्नियनचे अनुकरण केले नाही. एडिंबरोच्या संघात त्या काळी केवळ कॅथलिकांनाच प्रवेश असे. सेल्टिकने तशी अट ठेवली नाही. क्लब कॅथलिक मुलांच्या ताटासाठी होता, तरी मैदानावरचे दार सर्वांना उघडे राहिले.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १८९२ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली. १८९७ मध्ये क्लबची मर्यादित कंपनी झाली, आणि ज्या ताटासाठी हा खटाटोप आरंभला होता, त्या ताटाकडे जाणारा पैसा आटला. संस्थापकाचा हेतू हिशेबाच्या वहीतून निघून गेला. उघड्या दाराची रीत मात्र टिकली. सेल्टिकच्या भाग्याची किल्ली तीच ठरणार होती.

त्या दारातून १९५१ मध्ये एक खेळाडू आत आला. त्याचे नाव जॉक स्टीन. लॅनार्कशायरच्या कोळसा खाणींत राबलेला हा प्रोटेस्टंट मनुष्य. त्याच्या घरची माणसे रेंजर्सची चाहती. तो सेल्टिकमध्ये गेला म्हणून काही जुने मित्र दुरावले. त्याने ती किंमत दिली, संघाचे नेतृत्व केले आणि १९५४ मध्ये लीग व स्कॉटिश कप ही दोन्ही मानचिन्हे मिळवून दिली. पायाच्या दुखापतीने त्याचा खेळ थांबला. मग मार्च १९६५ मध्ये, क्लबला साडेसात वर्षांत एकही मोठे यश मिळालेले नसताना, तो व्यवस्थापक म्हणून परतला. त्याच्यापूर्वी या पदावर आलेले तिघेही कॅथलिक होते.

वर्ष लक्षात घ्यावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आपला आदेश २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसृत केला होता. त्यानंतर चार महिन्यांच्या आत ग्लासगोच्या कॅथलिकांचा लाडका क्लब एका प्रोटेस्टंटाच्या हाती सोपविला गेला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे आम्ही टाळतो. क्लबच्या चालकांना विजय हवा होता, आणि तो देऊ शकणारा माणूस त्यांना ओळखता आला, एवढेच खात्रीने म्हणता येते. पण कधी कधी साध्या व्यवहारी निर्णयातही काळाची पावले उमटलेली दिसतात.

१९६६ मध्ये सेल्टिकने १२ वर्षांनंतर स्कॉटिश लीग जिंकली आणि युरोपियन कपमध्ये त्यास प्रथमच प्रवेश मिळाला. तोवर हा करंडक स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बाहेर कधी गेला नव्हता. रिआल माद्रिदने सहा वेळा, लिस्बनच्या बेन्फिकाने दोन वेळा, मिलान शहरातील दोन क्लबांनी मिळून तीन वेळा तो जिंकला होता.

पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचा झुरिच संघ होता. ग्लासगोत २-० आणि झुरिचमध्ये ३-० असे दोन्ही सामने सेल्टिकने जिंकले. दुसऱ्या फेरीत फ्रान्सचा नांत आला. दोन्ही ठिकाणी ३-१. इथवरची वाट सोपी वाटते. परंतु डिसेंबर संपण्यापूर्वी संघाचा सर्वांत हुकमी गोलवीर जो मॅकब्राइड याचा गुडघा जायबंदी झाला. अर्ध्या मोसमात ३५ गोल करणारा हा खेळाडू त्या वर्षी पुन्हा उतरला नाही. लिस्बनच्या छायाचित्रांत तो खेळाडूंच्या रांगेत दिसत नाही. पण त्याच्या पायांवाचून ती वाट सुरूच झाली नसती.

खरी कसोटी मार्च १९६७ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत लागली. युगोस्लाव्हियाच्या नोव्ही साद शहरातील व्होय्व्होदिना संघाने आपल्या मैदानावर सेल्टिकला १-० असे हरविले. आठवड्याने ग्लासगोत परतीचा सामना झाला. पहिला अर्धा भाग गोलाविना गेला. मध्यंतरानंतर स्टीव्ह चामर्स याने गोल करून बरोबरी साधली. आता एकच मार्ग दिसत होता. त्या वेळी बरोबरी झाल्यास तटस्थ मैदानावर तिसरा सामना खेळावा लागे. सामना संपण्यास काही क्षण उरले असताना सेल्टिकला कॉर्नर मिळाला. चार्ली गॅलाघर याने चेंडू उचलून दिला आणि कर्णधार बिली मॅकनील याने पुढे झेपावून डोक्याने तो जाळ्यात धाडला. बाद फेरीचे सारे स्वरूप त्या एका क्षणात साठले आहे. तो चेंडू हातभर वरून गेला असता, तर पुढचे सारे कदाचित घडलेच नसते.

उपांत्य फेरीत प्रागचा डुक्ला संघ आला. त्यांचा योसेफ मासोपुस्त १९६२ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ग्लासगोत सेल्टिक ३-१ असे जिंकले. प्रागमध्ये मात्र स्टीनने आपला स्वभाव बाजूला ठेवला आणि संघास केवळ बचाव करण्यास सांगितले. सामना ०-० असा सुटला, अंतिम फेरी मिळाली. पण असा खेळ आपण खेळलो याची खंत त्याच्या मनात राहिली.

अंतिम सामना २५ मे १९६७ रोजी लिस्बनजवळच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर होता. त्या वर्षी तो दिवस ख्रिस्तशरीराच्या सणाचा गुरुवार होता. समोर मिलानचा इंटर. हेलेनिओ हेरेरा यांच्या शिकवणीत वाढलेला हा संघ १९६४ आणि १९६५ चा युरोपविजेता. याच मोसमात त्याने रिआल माद्रिदला बाद केले होते. एक गोल करायचा आणि मग कडी लावून बसायचे, ही त्यांची प्रसिद्ध रीत. इटालियन भाषेत या खेळाचे जे नाव आहे त्याचा अर्थच कडी असा होतो.

इकडे सेल्टिकचे अकराही खेळाडू ग्लासगोपासून सुमारे ३० मैलांच्या परिसरात जन्मलेले. गोलरक्षक रॉनी सिम्प्सन ३६ वर्षांचा. उजव्या बगलेचा बचावपटू जिम क्रेग दंतवैद्यकी शिकलेला. काहींचे पुढचे दात खोटे होते. ते त्यांनी सामन्याच्या वेळी सिम्प्सनच्या टोपीत ठेवले आणि ती टोपी गोलजाळ्यात राहिली. त्या अकरांत कॅथलिक होते तसे प्रोटेस्टंटही होते.

सातव्या मिनिटास इंटरला पेनल्टी मिळाली आणि सान्द्रो माझ्झोला याने गोल केला. मग कडी लागली. सेल्टिकने त्या दारावर धडका देण्यास आरंभ केला. दोनदा चेंडू आडव्या खांबावर आदळून परतला. इंटरचा गोलरक्षक सार्ती याने एकामागून एक फटके अडविले. प्रागची खंत स्टीन विसरला नव्हता. या वेळी त्याने बचावपटूंनाही पुढे सरकण्याची मोकळीक दिली होती. ६३व्या मिनिटास डाव्या बगलेचा बचावपटू टॉमी गेमेल याने दुरून सणसणीत फटका मारून बरोबरी साधली. सामना संपण्यास पाच-सहा मिनिटे उरली असता बॉबी मर्डोकच्या फटक्याला चामर्सने जवळून पाय लावला आणि सेल्टिक २-१ असे पुढे गेले. उत्तर युरोपातील एका क्लबने हा करंडक प्रथमच जिंकला. चाहत्यांनी मैदान असे भरून टाकले की करंडक स्वीकारण्यासाठी मॅकनीलला गर्दीतून वाट काढीत व्यासपीठ गाठावे लागले.

गेमेल हा प्रोटेस्टंट, चामर्स कॅथलिक. एकाने बरोबरी साधली, दुसऱ्याने विजय. स्टीनविषयी एक गोष्ट सांगितली जाते. सारख्याच गुणांचे दोन खेळाडू समोर आले, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, तर तुम्ही कोणास घ्याल, असे त्यास कोणी विचारले. तो म्हणाला, प्रोटेस्टंटाला. कारण कॅथलिक खेळाडूस रेंजर्स घेणार नाहीत हे मला ठाऊक आहे. गोष्ट विनोदाची आहे, पण तिचा बोचरा भाग विसरू नये. ज्याने दार बंद ठेवले त्याने आपलीच निवड अर्धी केली.

लिस्बनच्या विजयाने ग्लासगोतील पंथांचा दुरावा मिटला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रेंजर्सने नामांकित कॅथलिक खेळाडू उघडपणे घेतला तो १९८९ मध्ये, मो जॉन्स्टन याच्या रूपाने. आणि त्यावरही गदारोळ झाला. सेल्टिकच्या बाजूचे सारे चाहते निर्मळ मनाचे होते असेही नाही. एका सामन्याने शहर बदलत नाही. पण काय शक्य आहे, ते तो दाखवून जातो.

बाद फेरीने पुढे सेल्टिकला नम्रताही शिकविली. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्याच लिस्बन शहरात बेन्फिकाविरुद्ध एकूण गोल ३-३ असे समान झाले, तेव्हा निर्णय नाणेफेकीवर गेला. मॅकनीलचा कौल खरा ठरला आणि सेल्टिक पुढे गेले. त्यानंतर नाणेफेकीच्या जागी पेनल्टी फटके आले. १९७२ च्या उपांत्य फेरीत ग्लासगोत त्याच फटक्यांनी सेल्टिकला बाद केले, आणि समोर होता तोच इंटर. एकदा नाण्याने दिले, एकदा फटक्याने नेले.

जॉक स्टीन १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे, स्कॉटलंडच्या संघाचा सामना संपताना कोसळला आणि तेथेच त्याचे निधन झाले. आज सेल्टिकच्या क्रीडांगणाबाहेर ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा आहे, तो २००५ मध्ये उभारला गेला. २०११ मध्ये तेथेच करंडक हाती घेतलेल्या स्टीनचा पुतळा आला. प्रोटेस्टंटांच्या सूपाला भ्यालेला एक व्रतस्थ, आणि त्याच्या मुलांना युरोपच्या शिखरावर नेणारा एक प्रोटेस्टंट खाणकामगार, असे दोघे एकाच आवारात उभे आहेत. आपल्या मुलांना ही कथा सांगताना आम्ही एवढेच सुचवू : पहिल्या पुतळ्यापाशी थांबून अभिमान बाळगावा, आणि तेथून न परतता दुसऱ्या पुतळ्यापर्यंतही चालत जावे.