टोपलीभर मातीचा न्याय

माधवराव सप्रे हे नाव रायपूरच्या मराठी घरांत परिचित आहे. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी कथा मात्र थोड्यांनीच वाचलेली असते, असा आमचा अनुभव आहे. पेंड्र्याहून १९०० साली त्यांनी सुरू केलेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकात ती १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली.

जमीनदाराला अनाथ विधवेची झोपडी हवी असते. वकिलांना पैसा चारून तो अदालतीकडून कब्जा मिळवितो. पुढे ती वृद्धा चुलीसाठी तिथलीच टोपलीभर माती मागते व टोपली उचलू लागण्यास त्यालाच विनविते. ती त्याला उचलवत नाही. मग साऱ्या झोपडीचे ओझे जन्मभर कसे पेलणार, या तिच्या प्रश्नाने तो वरमतो आणि झोपडी परत करतो.

कायदा साहेबाचा, लोभ मात्र आपल्याच माणसाचा! अदालत कागद पाहते, वृद्धा पापपुण्याची चाड जागविते. सरकारी दप्तरात हयात घालविलेल्या आम्हांला हे विशेष जाणवते. कागद बिनचूक असूनही न्याय चुकू शकतो.

१९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सप्रे स्वतः पकडले गेले. आप्तांच्या आग्रहाखातर माफी लिहून ते सुटले. पण ते ओझे त्यांना फार जड गेले. पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणून त्यांनी मातृभाषेचे आणि या भूमीचे ऋण एकदमच फेडले. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले.

मुलांना ही कथा हिंदीतच वाचू द्यावी. लिहिणारा आपल्यासारख्याच मराठी घरातला होता, एवढे घरी अवश्य सांगावे.